झेरॉक्सचे मासे

कोर्टाने मला ज्यूरीत बोलावलं आणि तीन दिवस माझा पाचवीचा वर्ग हॉगनच्या ताब्यात गेला. हॉगन म्हणजे आमच्या शाळेचा निवृत्त आइस हॉकी कोच. माणूस सोन्यासारखा, पण डोकं अजून हॉकीच्या बर्फावरच. सुट्टीवर गेलेल्या शिक्षकांच्या जागी शाळा त्यालाच बोलावते.

माझ्या वर्गात पैसे चालतात. डॉलर नव्हे, मासे. कागदाच्या चिठ्ठ्या, त्यांवर आमच्या मिनेसोटाच्या वॉलाय माशाचं चित्र. फळा पुसला, ओले बूट ओळीत लावले, की मासे मिळतात. शुक्रवारी लिलाव होतो, त्यात ते खर्च करायचे. भाव कसा ठरतो हे पुस्तकातून सांगायला गेलं की हीच कार्टी जांभया देतात, लिलावात मात्र कान टवकारून बसतात.

नाताळच्या सुट्टीआधीच्या लिलावात सगळ्यांचा डोळा एकाच मालावर असतो, तो म्हणजे वर्गातला गिनीपिग, बिस्किट. जो जिंकेल त्याने तो सुट्टीभर घरी न्यायचा. सिग्ने त्यासाठी सप्टेंबरपासून मासे साठवत होती. खोडरबरसुद्धा घेतला नव्हता पोरीने. तिचे वडील खनिज वाहणाऱ्या जहाजावर, बंदर गोठून बंद होईपर्यंत म्हणजे जानेवारीपर्यंत घरी येत नाहीत. आई हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात, नाताळातही कामावर.

"घरात कुणीतरी आवाज करणारं हवं, बाई," ती मला म्हणाली होती. "बिस्किट शिट्ट्या मारतो."

शुक्रवारी मी परत आले आणि लिलाव सुरू केला. पहिली वस्तू साधी पेन्सिल. एरवी दोन माशांना जाते. ब्रायस ओरडला, "वीस!" मागून कुणीतरी म्हणालं, "तीस!"

"अरे, वेड लागलंय का तुम्हाला?" मी म्हणाले. "पेन्सिल आहे ती, सोन्याची कांडी नाही!"

ब्रायसने दप्तरातून माशांची गड्डीच काढून दाखवली. एकेकाकडे तशीच गड्डी. फक्त सिग्नेकडे नव्हती. ती तिन्ही दिवस तापाने घरी होती.

मी हॉगनला स्टाफरूममधून ओढत आणलं. हातात कॉफी, चेहरा निवांत.

"पोरं गप्प बसली की मासे द्यायचे, असं तूच लिहून ठेवलं होतंस," तो म्हणाला. "माशांचा डबा संपला, मग ऑफिसात जाऊन झेरॉक्स काढल्या. टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता होती बघ!"

"नोटा छापल्यास तू, हॉगन!"

"पण बाई, आपण श्रीमंत झालो ना?" ब्रायसने विचारलं.

सिग्नेने मान वर केली. "मग पेन्सिली वाढल्या का?"

ब्रायसने पेन्सिलींच्या डब्यात डोकावून पाहिलं. "तेवढ्याच आहेत," तो म्हणाला. मग त्याने आपल्या गड्डीकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला फसवलं होतं. मला हसू आलं, पण सिग्नेचा चेहरा पाहिला आणि ते विरलं. तिने इतक्या महिन्यांत जमवलेले मासे आता दोन पेन्सिलींना पुरले नसते.

"झेरॉक्सचे सगळे मासे रद्द!" मी टेबलावर हात आपटला.

ओटिस उभा राहिला. हा मुलगा वर्षात चार वाक्यं बोलत असेल. "मी तीन दिवस शाळेच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढला, बाई. सरांनी त्याचे मासे दिलेत. ते काम पण झेरॉक्स होतं का?"

आता आली का पंचाईत! ठेवावे तर सिग्ने बुडते, रद्द करावे तर ओटिस. हॉगन कॉफीत तोंड खुपसून बसला. मला त्याच्या डोक्यावर डबा आपटावासा वाटला.

सिग्ने मात्र रडली नाही. ती वर्गाकडे वळली. "बिस्किट कुणाकुणाला हवाय?"

सगळे हात वर.

"सुट्टीनंतर आठवडाभर रोज त्याचा पिंजरा साफ करायला लागला तर?"

अर्धे हात खाली आले. ब्रायसचा पहिला.

"आणि महिनाभर?"

दोनच हात उरले, तिचा आणि ओटिसचा. तिला स्वतःलाही नवल वाटलं असावं, कारण तिने हात पुन्हा मोजले. "म्हणजे बाकीच्यांना बिस्किट नकोच होता. मासे जास्त झाले म्हणून हवा होता," ती म्हणाली. "बाई, बोली कामाचीच लावूया ना? दिवस काही सरांना छापता येणार नाहीत."

"ए पोरी!" हॉगन म्हणाला, पण हसला.

बोली सुरू झाली. ओटिसने ईस्टरपर्यंत पिंजरा साफ करायचं कबूल केलं. सिग्ने म्हणाली, "जूनपर्यंत. शाळा सुटेपर्यंत." ओटिसने तोंड उघडलं, पिंजऱ्याकडे बघून नाक मुरडलं आणि खाली बसला.

बिस्किट सिग्नेचा झाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. कोट चढवताना ओटिस तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"मला निदान बघायला तरी येऊ दे," तो कुरकुरला. "मी तुमच्या मागच्याच गल्लीत राहतो."

"सुट्टीत?"

"हो. रोज. आईला विचारतो."

सिग्नेने पिंजरा जमिनीवर ठेवून दिला. आत बिस्किट शिट्ट्या मारत होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"रोज म्हणजे," तिने विचारलं, "किती वाजता येशील?"