आदर्श तळपाय

"माणसाचं खरं चारित्र्य त्याच्या तळपायात असतं," असं धर्मराज जाधवांनी बेलवलीतल्या आपल्या गॅलरीतून जाहीर केलं. स्वतःचे तळपाय मात्र त्यांना पोटामुळे दिसत नसत. ते दिसायचे त्यांच्या बायकोला, विठाबाईंना. आणि मोबाईलला.

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त होताना कंपनीने धर्मराजांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. मधुमेह त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवला. पाय बधिर झाले, तेव्हा मुलीने त्यांना एका संस्थेच्या मोबाईलवरच्या वर्गात घातलं. रविवारी सोनिया मॅडम स्क्रीनवर शिकवायच्या. अनवाणी फिरू नका, पाणी कोमट घ्या, कडक कातडी घरी खरवडू नका. इतर दिवशी सकाळी दोन्ही तळव्यांचे फोटो ग्रुपवर टाकायचे. धर्मराजांना सगळं तोंडपाठ. परीक्षेत पैकीच्या पैकी.

एकदा मॅडम सहज म्हणाल्या, "जाधवकाकांचे पाय बघा, किती स्वच्छ." झालं. त्या दिवसापासून फोटो म्हणजे मुलगी दाखवायचा कार्यक्रम.

"विठे, वज्री आण."

"अहो, खरवडू नका म्हणाल्या ना त्या?"

"खरवडायचं कोण म्हणतंय? जरा साफ करायचं. पाहुणे यायचे असले की घर झाडतेस ना? इथे तर अख्खा ग्रुप येतोय."

विठाबाई पाटावर बसून त्या खरखरीत घासणीने नवऱ्याचे तळवे घासू लागल्या. रोज, फोटोआधी.

"जोर लाव. मला काही दुखत नाही," धर्मराज म्हणायचे. हे ते तब्येतीचं लक्षण समजत. विठाबाईही तसंच समजल्या.

एका सकाळी वज्री लाल निघाली. डाव्या अंगठ्याखाली कातडी उघडली होती, आणि धर्मराज वर पेपर वाचत होते.

"मॅडमना दाखवू या," विठाबाई म्हणाल्या.

"खुळी आहेस का? कालच त्यांनी मला आदर्श म्हटलंय. ग्रुपमधला चामटोलीचा तो सोमा माझ्या पहिल्या नंबरावर टपून बसलाय. हळद लाव, चार दिवसांत भरेल. तोवर उजव्याचाच फोटो दोनदा टाक."

"अंगठा एकाच बाजूला येईल की."

"मोबाईलमध्ये उलटा करता येतो फोटो."

विठाबाई शिकल्या. उजव्या पायाचा डावा पाय करणं त्यांना सुईत दोरा ओवण्यापेक्षा सोपं गेलं. मॅडमनी अंगठा दाखवला, म्हणजे मोबाईलवरचा. सोमाने हात जोडले. धर्मराजांनी त्याला उत्तरादाखल पायांच्या निगेवर चार ओळी लिहिल्या. इकडे घरात वास येऊ लागला. धर्मराजांनी तो गटारावर ढकलला, सोसायटीच्या सेक्रेटरीला त्यावरून झापलंसुद्धा. विठाबाई उदबत्ती लावत होत्या. कशासाठी, ते त्यांना ठाऊक होतं. पण रोज ग्रुपवर एवढे लोक "छान" म्हणायचे, आणि एवढ्या लोकांपुढे आपलंच डोकं खरं कसं धरायचं?

मग थंडी वाजून ताप चढला, आणि रिक्षा उल्हासनगरच्या हॉस्पिटलात थांबली. तिथल्या डॉक्टरांनी पायावरचं फडकं सोडलं आणि ते दोन पावलं मागे सरले. अंगठा काळा पडला होता. पोटरीपर्यंत सूज.

"पायाची काळजी कशी घ्यायची, हे कुणी सांगितलंच नाही का तुम्हाला?"

"सांगितलंय ना," विठाबाई म्हणाल्या. "पहिला नंबर आहे यांचा."

डॉक्टरांनी ऑपरेशनचा कागद पुढे केला. सही विठाबाईंनीच केली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी विठाबाई कॉटशेजारी बसल्या होत्या. चादर एका बाजूला वर आलेली, दुसरीकडे सपाट. त्यांची नजर सारखी सपाट बाजूकडे जात होती. वज्री आपल्या हातात होती, एवढं एकच वाक्य त्यांना बोलायचं होतं आणि ते तोंडातून फुटत नव्हतं. पदराचं टोक पिळून पिळून दोरी झालं.

"अहो," त्या शेवटी म्हणाल्या, "माझ्या हातून..."

धर्मराजांनी डोळे उघडले. कपाळाला आठ्या घातल्या.

"ते राहू दे गं. डाव्या अंगठ्याखाली केव्हाची खाज सुटलीय. जरा खाजवतेस का?"