पाहुण्यांची नव्हे, कोलांटीची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. मी झोपायची गादी नाही. लोडाला टेकून पान चघळायची तर मुळीच नाही. मी कोलांट्या मारायची गादी आहे. पातूरच्या एका शाळेत माझं सारं आयुष्य गेलं आणि तिथेच माझा अपमान झाला.

पिंजाऱ्याने मला शाळेच्या ओट्यावर बसून भरलं. वऱ्हाडात कापसाला काय तोटा! पण कसरतीचे शालिकराम मास्तर त्याच्या मानगुटीवर बसल्यासारखे उभे होते. "दाबून भर गड्या, मऊ नको करू. पोरगं रुतलं तर मान अडकते त्याची." वरून जाडंभरडं कापड, त्यावर घट्ट टाके. पहिल्याच दिवशी पोरं धडाधड माझ्यावर कोसळली आणि मला काय हुरूप आला म्हणून सांगू! मास्तर त्यांच्याकडून रोज एकच गोष्ट ओरडून घेत, "गादी नाई, तं कोलांटी नाई!" अख्खी खोली दणाणायची. मला वाटायचं, वा रे वा, आपल्यावाचून यांचं पान हलत नाही.

जाईबाईची पंचफुला चौथीत होती. जाईबाई लोकांच्या शेतात निंदायला जायची. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून ती कोणासमोर खाली बघून बोलत नसे, आणि पोरगीही तशीच. पंचफुला चिंचेवर सरसर चढायची, पुढची कोलांटी तर हसत मारायची. पण उलटी म्हटली की ती जागची हलायची नाही. खाली बसायचं, मागे लवंडायचं, पाठीवरून गोल फिरून पुन्हा पायांवर यायचं, एवढंच तर असतं.

"मांगचं दिसत नाई नं मास्तर! दिसत नाई तिकडं कशी जाऊ?"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी तिला आधी नुसतं गुडघे पोटाशी धरून माझ्यावर मागेपुढे डोलायला लावलं, पाळण्यासारखं. किती दिवस नुसतं तेच. मग हात कानांशी, तळवे आभाळाकडे, कोपरं वर. "डोक्यावर भार नाई घ्यायचा, हातानं जमीन ढकलायची." मग त्यांनी माझ्या एका टोकाखाली सरकीचं पोतं सरकवलं, म्हणजे उतार झाला आणि पोरीला घरंगळायला सोपं गेलं. स्वतः बाजूला गुडघ्यावर बसून तिच्या कमरेला हात. "हनुवटी छातीले चिकटव. पोटाकडं पाय. पोटाकडं!"

एकदा तिने घाईत मान वाकडी केली. मास्तरांनी तिला तिथेच धरलं आणि त्या दिवसापुरतं बंद केलं. पंचफुला फुरंगटून कोपऱ्यात बसली, मास्तरांना नाही नाही ते बोलली. ते म्हणाले, "बोल मले, पन मान सरळ ठेव."

आणि मग एक दिवस ती फिरली! गर्रकन गेली आणि पायांवर उभी. स्वतःच चकित.

"अवो मास्तर, फिरली का हो मी?"

"फिरली नं बाप्पा!"

मला तिच्या पाठीचा मणका न् मणका ठाऊक झाला होता. म्हणून पुढचं सांगताना माझा कापूस पेटतो.

स्नेहसंमेलन आलं. पंचफुलेची उलटी कोलांटी कार्यक्रमात ठरली. आणि हेडमास्तर वामनराव सकाळीच खोलीत आले. "पाहुण्यांना काय सतरंजीवर बसवता? ही गादी ओट्यावर टाका. वर पांढरी चादर, दोन लोड."

शालिकराम मास्तर म्हणाले, "साहेब, पोरं उलट्या मारून राहिले. गादी लागते."

"एक दिवस सतरंजीवर मारतील. तालुक्याची बडी माणसं येऊन राहिली. शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे."

आणि मास्तर गप्प बसले! रोज पोरांकडून ओरडून घेणारा माणूस, त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. वामनरावांचा राग आला तो आलाच, पण मास्तरांचा त्याहून जास्त आला. अजून येतो.

मला ओट्यावर अंथरलं. बड्या माणसांनी बैठक मारली, एकाने माझ्या कडेवर पान थुंकलं. समोर अंगणात फरशीवर सतरंजी. पंचफुला आली, तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मास्तरांनी मान हलवली, कर म्हणून. ती बसली, मागे गेली, हात टेकले, आणि फरशीवरून सतरंजी सर्रकन सरकली. हात निसटले. सगळा भार मानेवर. पोरगी आडवी झाली ती उठेना.

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती कसरतच वाटली.

बायकांतून जाईबाई धावत आली. लेकीला उचलायला वाकली, तेव्हा मास्तर किंचाळले, "हात नका लावू! मान हालवू नका तिची!" त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी तिचं डोकं जिथल्या तिथे धरलं. ते रडत होते. जाईबाईने ओट्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"उठा!" ती पाहुण्यांवर ओरडली. "उठा म्हनते नं! गादीवर तुमचे ढुंगनं, अन् फरशीवर माह्या पोरीची मान? लाज कशी नाई वाटत तुमाले?"

सगळे उठले. तिने चादर ओढून फेकली आणि मला ओढत अंगणात लेकीजवळ आणलं. पुष्कळ हातांनी पंचफुलेला न वाकवता माझ्यावर सरकवलं आणि कापसाच्या ट्रकमधून आम्ही अकोल्याच्या दवाखान्यात गेलो. सगळ्या रस्त्यात मास्तरांनी तिच्या डोक्याला धरलेले हात काढले नाहीत. मी तिच्या पाठीखाली होते. जेव्हा असायला हवी होते, तेव्हा नव्हते.

ती वाचली. पण डावीकडे मान पुरती वळेना आणि डॉक्टरांनी कोलांटी कायमची बंद केली.

आता शहाणपण आलं असेल ना? कसलं काय! पुढच्या वर्षी संमेलनाला गडी पुन्हा मला न्यायला हजर. खोलीत पंचफुला होती. स्वतः मारू शकत नव्हती, तरी रोज येऊन लहान पोरींच्या हनुवट्या बघायची. गड्याने माझं टोक उचललं, तशी ती माझ्यावर आडवीच झाली.

"नाई देत."

बाकीच्या पोरीही येऊन बसल्या. वामनराव आले, डोळे वटारले. शालिकराम मास्तर उठले आणि या खेपेला दारात आडवे उभे राहिले. "गादी नाई, तं कोलांटी नाई, साहेब. अन् पाहुन्याले कोलांटी मारायची नाई."

पाहुणे सतरंजीवर बसले. कोणाचं काही बिघडलं नाही. मित्रांनो, तेवढंच करायचं होतं हो. एक वर्ष आधी.

आता माझे टाके उसवले आहेत. पोरींच्या घामाचे डाग धुऊन गेले, पानाचा डाग तसाच आहे. उलटी कोलांटी शिका, जरूर शिका, पण पाठीखाली गादी आणि कमरेला हात असल्याशिवाय मागे जाऊ नका, समोर कितीही बडा माणूस बसलेला असो. आणि कोणी गादी उचलायला आलं, तर पंचफुलेसारखे तिच्यावर आडवे व्हा.