वीबेच्या कार्डावरचं वाक्य

"मग वर कुठलं वाक्य घालायचं, सिक्केमाबाई?" अंत्यविधीच्या कचेरीतून आलेल्या बाईनं तिसऱ्यांदा विचारलं. आवाज मऊ होता, पण पेनाचं टोपण तिनं केव्हाच काढून ठेवलं होतं. दुपारपर्यंत मजकूर छापखान्यात गेला नाही तर मातीची कार्डं टपालाला लागणार नव्हती, आणि शनिवारी माती होती.

"काहीच नको," आफ्के म्हणाली. "नाव, तारीख, चर्चची वेळ. झालं."

"असं कसं, आई?" हिस्के म्हणाली. "वाक्याशिवाय कार्ड कुणाचं असतं? लोक म्हणतील, पोरांना बापाबद्दल दोन शब्द सुचले नाहीत."

"बापाला तरी कुठं सुचले होते कधी?"

हिस्केचा भाऊ योरित उठून संडासाकडे गेला. भिंती वाचायलाच गेला असणार. या घरात संडासाला रंग लावायची गरज पडली नव्हती. आफ्केच्या नवऱ्यानं, वीबेनं, वर्तमानपत्रांतून आणि विज्ञानाच्या मासिकांतून कापलेली वाक्यं तिथं जमिनीपासून छतापर्यंत चिकटवली होती. मंत्री, खगोलशास्त्रज्ञ, बंधाऱ्यांचे इंजिनियर, जंतूंचे डॉक्टर, सगळे तिथं दाटीवाटीनं बसलेले. पाहुणे आत गेले की लवकर बाहेर येत नसत, आणि आफ्केला त्याचीही लाज वाटायची.

वीबे जन्मभर पुलावर कामाला होता. घराला लागूनच कालवा, कालव्यावर उचलायचा पूल आणि पुलाच्या टोकाला त्याची काचेची खोली. बोट आली की पूल उचलायचा, काठीला दोरीनं बांधलेला लाकडी बूट खाली सोडायचा, नावाडी त्यात पुलाच्या टोलाची नाणी टाकायचा, की बूट वर. मधल्या वेळात वाचायचं आणि कात्री चालवायची. मंगळवारी तो तिथंच, उघड्या वर्तमानपत्रावर डोकं टेकून गेला.

वाईट माणूस होता असं आफ्के कधीच म्हणाली नसती. प्यायचा नाही, ओरडायचा नाही. पण स्वतःचं म्हणून एक वाक्य त्याच्या तोंडून निघेल तर शपथ. लग्नाचं विचारायला आला तेव्हा बंधाऱ्याच्या कुठल्याशा इंजिनियरचं वाक्य घेऊन आला होता: पाण्याला अडवू नये, जागा करून द्यावी. ती बराच वेळ वाट बघत राहिली आणि शेवटी तिनंच विचारलं, "म्हणजे लग्न करायचंय का?" तो "हो" म्हणाला. हिस्के जन्मली तेव्हा दवाखान्यात पाळण्याशी उभं राहून त्यानं जनगणना अधिकाऱ्याचं वाक्य ऐकवलं. आफ्केची आई गेली त्या रात्री ताऱ्यांच्या राखेबद्दल काहीतरी बोलला. तिला तेव्हा फक्त "ये इकडे" एवढंच हवं होतं.

आणि तिनं चिडून काही सुनावलं की उत्तर द्यायचं सोडून गडी खुर्ची मागे सारायचा आणि ओठ हलवत तरातरा पुलाकडे निघायचा. ताटातलं तसंच. मग तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून कालवाभर ऐकू जाईल असं ओरडायचं, "वीबे, सूप निवतंय." हे तर रोजचंच.

योरित परत आला. तो शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. "सापडलं. 'शंका स्वस्त नसते, पण खात्री तिच्याहून महाग पडते.' मोजमापशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत."

"अजिबात नाही," हिस्के म्हणाली. ती नगरपालिकेवर निवडून आली होती. "मातीच्या कार्डावर शंका? त्यापेक्षा ते मंत्र्याचं, काठांबद्दलचं घ्या. 'राज्य करणं म्हणजे दोन्ही काठांवर शत्रू असणं.' बाबांना फार आवडायचं."

"तुला आवडायचं. बाबांना सगळंच आवडायचं."

"तुझ्या प्राध्यापकाला तूच मोजत बस."

"भांडा," आफ्के म्हणाली. "त्या संडासातल्या माणसांसाठीच भांडा. तुमचा बाप चाळीस वर्षं त्यांच्याच तोंडानं बोलला, आता पेटीतूनही त्यांच्याच तोंडानं बोलू दे." तिचा आवाज चिरकला, आणि त्याचाही तिला राग आला. नवऱ्याचं एक वाक्य मागत होती ती. शोधायला गेलं तर घरात हजारो वाक्यं होती आणि त्यातलं एकही त्याचं नव्हतं. मग कार्डावर लिहायचं काय?

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात माइंडर्ट उभा होता, रेतीच्या बोटीवरचा म्हातारा, टोपी दोन्ही हातांत धरून. वीबे गेल्याचं बदलीवर आलेल्या पूलवाल्याकडून त्याला आत्ताच कळलं होतं. त्यानं बूट पायरीवर काढले, सगळ्यांशी हात मिळवला आणि कॉफी समोर येईपर्यंत तो खाली मान घालून बसला.

"चुकल्यासारखं वाटलं आज पुलाखाली," तो म्हणाला. "त्या पोरानं पूल उचलला, पैसे घेतले, वाक्य काही दिलं नाही. वीबे कधी वाक्य दिल्याशिवाय सोडायचा नाही. बूट खाली यायचा आणि वरून वाक्य यायचं."

"माहितीय," आफ्के म्हणाली. "मंत्र्याचं नाहीतर शास्त्रज्ञाचं."

"ती पण असायची. पण खरं सांगू का बाई, आम्ही थांबायचो ते बाउमाबाईंच्या वाक्यांसाठी."

आफ्केनं कॉफीची किटली खाली ठेवली.

"कोण बाउमाबाई?" हिस्केनं विचारलं.

"आफ्के बाउमा. तुम्हाला माहीत नाही? त्यांचं नाव घेताना तो जरा ताठ उभा राहायचा." माइंडर्ट खुलला. "सरकारनं सगळ्यांनी पोटाला चिमटा घ्या म्हणून सांगितलं, त्या वर्षी त्यांचं एक होतं. 'आपण सगळे म्हणणाऱ्याचा पट्टा कुठल्या भोकावर आहे ते आधी बघावं.' सगळ्या कालव्यावर गाजलं ते. आणि ते दुसरं, 'विश्व पसरतंय तर पसरू दे, आमची न्हाणी आहे तेवढीच आहे.' माझी बायको अजून हसते. कुठल्या विद्यापीठात असतात हो त्या?"

योरितनं तोंडावर हात ठेवला. हिस्के आईकडे बघत राहिली.

माइंडर्टला काही कळलं नाही. तो बोलतच होता. "आणि तेवढ्यात घरातून हाक यायची, सूप निवतंय म्हणून. इकडे बाउमाबाईंची अक्कल, तिकडे बायकोचं सूप. आम्ही म्हणायचो, बिचारा दोन बायांच्या मध्ये सापडलाय."

"बाउमा माझं माहेरचं नाव आहे," आफ्के म्हणाली.

म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टोपी गुडघ्यावर होती, ती त्यानं उगाच उलटी केली, सुलटी केली.

आफ्के खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोर पूल होता. म्हणजे खुर्ची सारून ओठ हलवत जायचा तो यासाठी. वाटेत तिचे शब्द सांडू नयेत म्हणून. ती इकडे जळत बसायची, की माझं ऐकून घ्यायचीसुद्धा याला फुरसत नाही, आणि हा तिकडे काठीवर रेलून रेतीवाल्यांना, गवतवाल्यांना तिचं नाव सांगत उभा. तिला रडू यायच्या आधी भयंकर राग आला.

"मला सांगायला काय झालं होतं?" ती काचेकडे बघून म्हणाली. "एकदा. जेवताना. 'आफ्के, चांगलं बोललीस.' जीभ झडली असती?"

ज्यानं उत्तर द्यायचं त्यानं आयुष्यात कधी दिलं नव्हतं.

कचेरीतल्या बाईनं पेन उचललं. "तर मग, वाक्य?"

"लिहा," आफ्के वळून म्हणाली. "'वीबे, सूप निवतंय.'"

"आई, मातीच्या कार्डावर?"

"मातीच्याच कार्डावर. आणि खाली नाव घाला, आफ्के बाउमा. सिक्केमा नाही. त्याला नाव लागायचं प्रत्येक वाक्याखाली."

पेन कागदावर चालू लागलं. हिस्केनं योरितकडे पाहिलं आणि या वेळी दोघांचं एकमत झालेलं दिसलं.

आफ्के चुलीकडे गेली. वाटाण्याचं सूप सवयीनं मोठ्या पातेल्यात झालं होतं. तिनं एक वाडगं भरलं, शेजारी काळ्या पावाची फोड ठेवली आणि वाडगं माइंडर्टपुढे सरकवलं. त्यानं चमचा उचलला आणि हात तसाच धरून तिच्या तोंडाकडे बघत थांबला, पुलाखाली थांबायचा तसा.

"खा," ती म्हणाली. "निवेल."