तंबू उभा करून दाखवा

ट्रेव्हरने गाडी बंद केली न केली तोच मागची डिकी कुणीतरी बाहेरून उघडली आणि एक टॉर्च आत शिरला.

"घड्याळं आहेत? जुने कॅमेरे? चांदीचे चमचे?"

"आधी आम्हाला उतरू तर दे, बाबा," ट्रेव्हर म्हणाला.

टॉर्चवाल्याच्या मागे आणखी दोघे होते आणि त्यांचे हात खोक्यांत पोचलेही होते. डिकीबाजाराची रीतच ती. रविवारी पहाटे लाउथ गावाबाहेरच्या या कुरणात गाड्या रांगेने लागतात, माणसं घरातली अडगळ डिकीतून काढून टेबलावर मांडतात, आणि मांडण्याच्या आधीच जुन्या मालाचे व्यापारी गुळाला मुंगळे लागावेत तसे येऊन चिकटतात. ग्लेंडाने त्यातल्या एकाच्या हातून थर्मास सोडवून घेतला.

"हा विकायचा नाही. यात आमचा चहा आहे."

"दोन पौंड देतो, बाई."

"चहासकट की चहाशिवाय?" ट्रेव्हरने विचारलं.

ग्लेंडाला हसू येता येता राहिलं. वॉलपेपर चिकटवायचं घडीचं टेबल तिने उघडलं, त्याच्यावर जुनी चादर टाकली आणि दोघं सामान मांडू लागली. चीज वितळवायचं भांडं, चार वर्षांत एकदाच वापरलेलं पाव भाजायचं यंत्र, राजघराण्यातल्या कुठल्याशा लग्नाचे मग, चित्रकोड्यांचे डबे, आणि सगळ्यात खाली लांबलचक पिशवीतला केशरी तंबू.

दुसऱ्या दिवशी घराच्या किल्ल्या नव्या मालकांच्या हातात जायच्या होत्या. ट्रेव्हरने औषधाच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली होती. ग्लेंडा नाताळपासूनच व्हिटबीला बहिणीकडे राहत होती. हा शेवटचा पसारा निपटायला ती शुक्रवारच्या गाडीने आली आणि जुन्या शेजारणीकडे उतरली. आगगाडीत बसल्या बसल्याच तिने मनाशी ठरवलं होतं, की रविवारी काही झालं तरी भांडायचं नाही. बत्तीस वर्षांच्या संसाराचं शेवटचं वाक्य तरी टोमणा नसावं, एवढंच तिला हवं होतं. मागणं फार मोठं नव्हतं, पण गेल्या वर्षभरात ते एकदाही साधलेलं नव्हतं. टेलिफोनवरसुद्धा नाही.

ट्रेव्हर वाईट माणूस नव्हता. तो हौशीने कामाला हात घालायचा, ते बरंही करायचा, आणि तडीला जायच्या आत त्याचं लक्ष उडायचं. कुंपणाला तीन बाजूंनीच रंग होता. मांडणीला वरची फळी नव्हती. न्हाणीघरात टबामागच्या फरशा सात वर्षं खोक्यात पडून होत्या. त्या उघड्या भिंतीकडे बघतच एका संध्याकाळी ग्लेंडा म्हणाली होती, की आता पुरे. आणि घटस्फोटाच्या या एका कामात मात्र त्याने कसूर केली नाही. वकिलाने मागितलेला प्रत्येक कागद वेळेच्या आधी पोचता केला. हे तिला जितकं लागलं तितकं दुसरं काहीच लागलं नव्हतं.

उन्हं वर आली तशी गर्दी वाढली. बेकनच्या पावांच्या गाडीवरून धूर येऊ लागला. लग्नाचे मग गेले, चित्रकोडी गेली, पाव भाजायचं यंत्र एका म्हातारीने उचलून खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि शेवटी पुढल्या टेबलावरून तसलंच दुसरं घेतलं. ट्रेव्हर मधेच एक चक्कर मारून आला. हातात लहानसं पातेलं होतं. एका माणसाचं सूप गरम होईल एवढंच.

"विकायला आलोय की घ्यायला?" ग्लेंडाच्या तोंडून गेलंच. पण पातेल्याकडे बघून ती म्हणाली, "बरं आहे. बूड जाड आहे त्याचं."

"हो ना," तो म्हणाला आणि ते गाडीत पुढच्या सीटखाली ठेवून आला.

तंबूच्या पिशवीपाशी एक तरुण जोडपं येऊन थांबलं. मुलीचं नाव बेथन, मुलाचं ल्यूक, हे त्यांच्या आपापसातल्या वादावरून कळलं. ल्यूकला तंबू हवाच होता आणि बेथनचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"सगळे दांडे आहेत का यात?" तिने विचारलं.

"आहेत तर."

"सगळे असंच म्हणतात. मागल्या महिन्यात इथूनच हजार तुकड्यांचं कोडं नेलं. नऊशे नव्व्याण्णव निघाले. उभा करून दाखवा, मग बोलू."

"बेथन, अगं, बरं दिसतं का," ल्यूक पुटपुटला.

ग्लेंडाने ट्रेव्हरकडे पाहिलं. त्याने गाडीमागच्या मोकळ्या गवताकडे पाहिलं. मग दोघांनी पिशवीची दोन टोकं धरली.

वारा कुठून येतोय हे दोघांनी एकाच वेळी मान वळवून पाहिलं आणि तंबूचं तोंड उलट्या दिशेला फिरवलं. तिने दांडे जोडून कापडाच्या बाहीतून सरकवले, तो पलीकडच्या टोकाशी हात पुढे करून बसला होताच. ती "हं?" म्हणाली, तो "हं" म्हणाला, आणि तंबू उठून उभा राहिला. कोपऱ्याची दोरी तिने ओढून धरली की त्याची हातोडी खुंटीवर पडायची. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा माणूससुद्धा गिऱ्हाईक सोडून बघत राहिला.

"बाप रे," बेथन म्हणाली. "आम्ही कपडे ठेवायचं कपाट जोडलं, तर तीन दिवस अबोला होता. किती वर्षं झाली लग्नाला?"

"बत्तीस," ग्लेंडा म्हणाली.

"आम्हाला तुमच्यासारखं व्हायचंय."

ट्रेव्हर खुंटी ठोकत होता, त्याने वर पाहिलं नाही. "तंबूपुरतं व्हा," तो म्हणाला.

बेथनला तो विनोद वाटला आणि ती मनापासून हसली.

चेन नीट लागते का ते बघायला ग्लेंडा आत शिरली. आत केशरी उजेड होता आणि जुन्या ओल्या गवताचा वास होता. वेल्समधल्या पावसात तीन दिवस याच कापडाखाली पत्ते कुटले होते. भिंतीवर त्यांच्या लेकीने, फिलिपाने, सहा वर्षांची असताना पेनने काढलेली मेंढी अजून होती. तेवढ्यात ट्रेव्हर दुसऱ्या बाजूने रांगत आत आला.

"फिलिपाला विचारायला हवं होतं का?" त्याने मेंढीकडे बघत विचारलं.

"विचारलं. ठेवायला जागा नाही म्हणाली."

तो गुडघ्यांवर बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "टबामागच्या फरशा लावल्या मी. या आठवड्यात."

ग्लेंडा त्याच्याकडे बघतच राहिली. सात वर्षं. सात वर्षं आंघोळ करताना ती त्या उघड्या भिंतीकडे पाठ करून बसली होती. आणि आता फरशा लागल्या होत्या, कुणा परक्या माणसांसाठी, जी उद्या दुपारी आत पाऊल टाकणार होती. तिच्या ओठांवर सगळं आलं. अगदी शब्दन् शब्द. तिने चेन वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली.

"सरळ बसल्या का?" तिने विचारलं.

"एक जराशी तिरकी आहे. कोपऱ्यातली. कळत नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि बाहेर आली.

बाहेर ट्रेव्हरने तंबू पंधरा पौंडांना देऊन टाकला. पंचवीसच्या खाली उतरायचं नाही असं घरून निघताना ठरलं होतं. ग्लेंडाने तोंड उघडलं, मिटलं, आणि बेथनला बाजूला घेतलं.

"पोरी, ही वेगळी पिशवी. यात जास्तीच्या खुंट्या आहेत. लागतील तुला."

"का? हरवतात?"

"एखादी राहते मागे," ग्लेंडा म्हणाली. दर सुट्टीत एक राहायची. तंबू उतरवायचं काम ट्रेव्हरचं, आणि घरी येऊन मोजल्या की हमखास एक कमी भरायची. अख्ख्या देशात खुंट्या पेरून ठेवल्यास तू, आता उगवण्याची वाट बघ, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. सुरुवातीला त्यावर दोघं हसायची. पुढे हसणं गेलं आणि वाक्य तेवढं राहिलं.

आज ट्रेव्हरने खुंट्या काढायला बराच वेळ लावला. एक एक उपटून तो गवताने पुसत होता. मग तंबूची गुंडाळी झाली. आतली हवा निघावी म्हणून तो कापडावर आडवा झाला आणि ती मागून गुंडाळत आली. ल्यूकने पिशवी खांद्यावर घेतली, बेथनने दोनदा आभार मानले, आणि दोघं गाड्यांच्या रांगेत दिसेनाशी झाली. दाबलेल्या गवताचा एक चौकोन मागे राहिला.

ट्रेव्हर त्या चौकोनाच्या कडेने खाली बघत एक फेरी मारून आला. कपाळावरचा घाम त्याने मनगटाने पुसला.

"या खेपेला एकही नाही राहिली," तो म्हणाला. "बघ पाहिजे तर."

ग्लेंडाने पाहिलं. मागच्या चाकाला लागून, तुडवलेल्या गवतात, एका खुंटीचा वाकडा माथा तेवढा वर दिसत होता. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याच्यावर बूट ठेवला.

"नाही राहिली," ती म्हणाली. "सगळ्या घेतल्यास."

त्याचा चेहरा असा उजळला, की तिला दुसरीकडे बघावं लागलं.

"मग? जमलं म्हणायचं शेवटी."

"जमलं."

तो आवराआवर करू लागला. टेबलाची घडी घालताना दुसरं टोक धरायला तिने यावं म्हणून तो थांबला. ती हलली नाही.

"तिथेच काय उभी?"

"पाय भरून आलाय. तू घे ते, मी आले."

त्याने टेबल एकट्याने कसंबसं मिटवलं. उरलेलं चीजचं भांडं फुकट घेता का म्हणून विचारायला तो शेजारच्या माणसाकडे वळला, तेव्हा ती वाकली. खुंटी घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी हलवून हलवून तिने ती काढली आणि मातीसकट कोटाच्या खिशात टाकली.

कुरणाच्या फाटकाशी बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग होती. तिने थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतून त्याला दिला. त्याने एका हाताने स्टिअरिंग धरून तो घेतला.

"पाय कसा आहे?"

"बरा आहे आता," ग्लेंडा म्हणाली. तिचा दुसरा हात खिशातच होता.