टाकीत राहिलेलं पाणी

मित्रांनो, तुमच्या घरी एसी असेल, तर मला बघून नाक मुरडाल. मुरडा बापडे! मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे, नागपूरचा. विश्वनाथ मिस्त्रीने मला ठोकून ठोकून घडवलं, तीन बाजूंना वाळा लावला आणि आनंदरावांनी सायकलरिक्षात घालून घरी आणलं. मी चालू झालो की अख्ख्या गल्लीला कळायचं. पण मे महिन्यात हे घर माझ्याच जिवावर झोपायचं.

आनंदरावांना मुलं तीन. थोरली प्रेमिला, मधला प्रेमानंद आणि शेंडेफळ मेघा. मेघाला दुपारी बाहेर जायची बंदी. मग ती माझ्या जाळीला तोंड लावून ओरडायची, "बाबा, ऊन उतरलं का?" माझ्या पात्यांत तिच्या आवाजाचे तुकडे व्हायचे आणि ती खिदळायची. आनंदराव पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "नाही उतरलं वं अजून." उतरलं म्हणाले, की बाईसाहेब अंगणात पसार!

एका मेमध्ये आनंदरावच तिला भरदुपारी गांधीबागेत कापड घ्यायला घेऊन गेले. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा होता, डोक्याला दुपट्टा होता, तरी पोरीला ऊन लागलं. माझ्यासमोरच्या खाटेवर, तापात, तिने तेच विचारलं. आनंदराव नुसत्याच तिच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहिले. सकाळी ती गेली. त्यांनी माझी वायर उपटली, माझ्यावर चादर टाकली, आणि घरात मेघाचं नाव घेणं बंद झालं. दर वर्षी माझी टाकी न चुकता रिकामी व्हायची. त्या वर्षी ती भरलेलीच राहिली.

वर्षं लोटली. मी मागच्या खोलीत गंजत पडलो. अंधारात कधी कधी टाकीतलं पाणी डुचमळायचं. ते कोण हलवत होतं, मला ठाऊक नाही. मला भीती वाटायची.

यंदा बुद्धपौर्णिमेला प्रेमिलाच्या पहिल्या कादंबरीचं प्रकाशन घरीच ठरलं. कादंबरी मेघावरच होती. पहिल्या पानावर, अर्पणपत्रिकेत, तिचंच नाव होतं. बाबांना मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

"बाबांच्याच हातानं प्रकाशन कराचं," प्रेमिला भावाला म्हणाली. "पण नाव पाहून ते उठून गेले, तर हे पुस्तक मले नकोच."

"तू उगाच घाबरून राहिली, ताई."

घरभर खिरीचा वास सुटला, पाहुणे जमले आणि नेमका विजेचा दाब कमी होऊन एसी बंद पडला. "लाइन कमी येऊन राहिली," म्हणत प्रेमानंदने मला बैठकीत ओढून आणलं. चादर काढली, टाकीत डोकावला आणि दचकलाच. पाणी काठोकाठ होतं. नितळ, आणि ताज्या वाळ्याच्या वासाचं.

"हे तू भरलं का वं, ताई?"

"मी काहून भरीन?"

मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. आनंदरावांनी पुस्तकावरचा कागद काढला, पहिलं पान उघडलं आणि ते तिथेच थांबले. पुस्तक मिटून ते उठले. प्रेमिलाचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात माझी पाती फिरली. गार वारा सुटला. पदर उडाले, पुस्तकाची पानं फडफडली. मेणबत्त्यांच्या ज्योती मात्र हलल्या नाहीत.

"बा-बा-बा... ऊ-ऊन उ-त-रलं का?"

मित्रांनो, शपथेवर सांगतो, तो आवाज मी काढला नव्हता.

आनंदराव दाराकडून मागे फिरले. माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि जाळीला तोंड लावून म्हणाले, "उतरलं वं, मेघा. केव्हाचं उतरलं. मलेच सांगता नाही आलं, पोरी. जाय, खेळ आता."

माझी पाती थांबली. आनंदरावांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि ते नाव सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. प्रेमिला त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

प्रेमानंद मात्र माझ्या वायरीकडे बघत उभा होता. प्लग अजून जमिनीवरच पडलेला होता. टाकीत थेंबभरही पाणी उरलं नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, उन्हाळा संपला की आमची टाकी रिकामी करत जा. पत्र्याला गंज वाईट. आणि घरातलं पोर काही विचारत असेल, तर हातातला पेपर ठेवून त्याला उत्तर द्या. नाहीतर ते विचारतच राहतं.