मानेवरची पाल

म्हाताऱ्याची बरगडी तिच्या तळहाताखाली कटकन मोडली, तरी ती थांबली नाही. छाती दाबताना बरगड्या मोडतात, हे तिला ठाऊक होतं. दारात उभ्या असलेल्या त्याच्या मुलाला ते ठाऊक नव्हतं.

"ए, काय करतीय ती? बाजूला घ्या तिला! डॉक्टर कुठाय?"

डॉक्टर तिथंच होता. खाटेच्या डोक्याशी उभा राहून तो म्हाताऱ्याच्या तोंडावर श्वासाची पिशवी दाबत होता. नवा, कोवळा पोरगा. त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. सगळे पाहत होते ते खाटेवर गुडघे टेकून चढलेल्या नर्सकडे. डोक्याची एक बाजू पार तासलेली, भुवईत कडी, कानाच्या पाळीवर कड्यांची रांग, दोन्ही हातांवर मनगटापासून चढत गेलेला वेल आणि मानेवर एक पाल. ती जोर लावायची तशी पालही पुढं सरकल्यासारखी वाटायची.

म्हातारा गोदामात पोती उतरवायचं काम करी. पोतं पाठीवर असतानाच तो कोसळला होता. मुलगा क्रेन चालवायचा. बाप पडल्याचं कळल्यावर तो यार्डातल्या चौघांना घेऊन धावत आला होता, आणि आता त्या पाचही जणांनी अपघात विभागाचं दार अडवलं होतं.

"बाहेर थांबा," मान वर न करता ती म्हणाली.

"तू मला सांगतीस? नर्स आहेस का कोण आहेस? हात लावायचा नाही माझ्या बापाला!"

चौघांपैकी एकानं सलाइनच्या स्टँडला लाथ घातली. बाटली फुटली. डॉक्टर "मी सिक्युरिटीला..." असं काहीतरी पुटपुटला, हातातली पिशवी त्यानं उशीवर टाकली आणि बाजूच्या ड्रेसिंगच्या खोलीत शिरला. आतून कडी लागल्याचा आवाज तिनं ऐकला.

ती एकटीच दाबत राहिली. मग क्षणभर थांबून तिनं म्हाताऱ्याच्या गळ्यावर दोन बोटं टेकवली. काही नाही. आणखी थोडं दाबलं, पुन्हा बोटं टेकवली. आणि बोटांखाली काहीतरी फडफडलं. थांबलं. पुन्हा फडफडलं. यावेळी नीट, ओळीनं.

"लागली," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि त्याच वेळी क्रेनवाल्याची बोटं तिच्या कानातल्या कड्यांमध्ये अडकली.

त्यानं ओढलं. कान फाटला. आधी आवाज आला, मग ऊब मानेवरून खाली गेली आणि दुखायला त्यानंतर लागलं. ती खाटेवरून फरशीवर पडली. पोटात लाथ बसली. दुसरी खांद्यावर. कुणीतरी म्हणत होतं, "बापाच्या छातीवर बसते, सटवी!" तिला एवढंच कळत होतं, की खाटेपर्यंत पोचलं पाहिजे. गुडघ्यांवर सरपटत ती पुढं गेली. खाटेची कड हाताला लागली, ती धरून ती उठायला लागली, आणि तिच्या त्याच हातावर कुणीतरी लोखंडी स्टूल आदळलं.

ती ओरडली तेव्हा कुठं कोपऱ्यातल्या मावशींना वाचा फुटली. आयाबाईचं काम करता करता म्हाताऱ्या झालेल्या मावशी. हातात दुसऱ्या पेशंटचं भरलेलं भांडं घेऊन त्या खिळून उभ्या होत्या. ते भांडं त्यांनी तसंच्या तसं त्या चौघांवर रिकामं केलं आणि वर रिकामं भांडं एकाच्या टाळक्यात हाणलं. शिव्या, ओकाऱ्या, पळापळ. सुरक्षारक्षक आले ते त्यानंतर.

या सगळ्यात म्हाताऱ्याकडे कुणी पाहिलंच नाही. ती उठून त्याच्यापाशी पोचली आणि चांगल्या हाताची बोटं तिनं त्याच्या गळ्यावर टेकवली. बराच वेळ टेकवून ठेवली. मग काढून घेतली.

*

दवाखान्यात तिला सगळे नक्षी म्हणायचे. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. पेशंटसुद्धा "त्या नक्षीवाल्या सिस्टर" असंच विचारत यायचे.

तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं नव्हतं. बाप शिंपी, आई त्याच्या हाताखाली काजं-बटणं करणारी, थोरला भाऊ एका ऑफिसात. नर्सिंग झालं, नोकरी लागली, लग्न ठरता ठरता मोडलं आणि पुन्हा कुणी ठरवलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी, काही कारण नसताना, तिनं मनगटावर एक पान गोंदवून घेतलं. ते तिला आवडलं. पानाला वेल फुटला. पुढच्या काही वर्षांत वेल कोपरापर्यंत गेला, दुसऱ्या हातावर उतरला, कानात कड्या आल्या, शेवटी मानेवर पाल आली. मेट्रनबाईंनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा किंचाळून हातातलं रजिस्टर तिच्या मानेवर मारलं होतं. मारल्यावर कळलं की ती शाईची आहे. मग खूप हसल्या आणि हसून झाल्यावर खूप रागावल्या.

तेव्हापासून मनगटापर्यंत बाह्या आणि बंद गळा असा तिच्यापुरता नियम निघाला. बाबांनीच तो गणवेश शिवून दिला. पण अपघात विभागात हात कोपरापर्यंत धुवावे लागतात, हाही दवाखान्याचाच नियम. त्यामुळे माणूस आत आला, की बाह्या वर जायच्या आणि घाईत गळ्याचं बटणही सुटायचं. पेशंट दचकायचे, मग सुई टोचताना दुखलं नाही की विसरायचे. एकदोन पोरं तर पालीची बोटं मोजता मोजता टाके घालून घ्यायची.

आता तिच्याच कानाला टाके पडत होते. ते घालायला तोच कोवळा डॉक्टर आला होता. तो सुईऐवजी तिच्याकडेच बघत होता.

"मी बोलवायलाच गेलो होतो, सिस्टर. दार आतून... लागलं."

"डॉक्टर, सुईकडे बघा," ती म्हणाली. दोन बोटं मोडली होती. तो हात प्लास्टरमध्ये होता आणि गरम वाटत होता.

*

घरी बाबांनी आधी पट्टी बाजूला करून कान पाहिला. "कुणी शिवलाय हा? टाके वाकडे आलेत," ते म्हणाले, आणि पट्टी पुन्हा नीट बसवू लागले. आई तोंडाला पदर लावून दारात बसली.

दादा ऑफिसातून तसाच आला. त्याच्या फोनवर व्हिडिओ होता. चौघांपैकी कुणीतरी दारातून काढलेला. एक अर्धं डोकं भादरलेली बाई म्हाताऱ्याच्या छातीवर गुडघे रोवून बसल्यासारखी दिसतेय आणि म्हाताऱ्याचं अंग उडतंय, एवढंच त्यात होतं. कान ओढण्याआधी तो संपत होता.

"माझ्या साहेबांनी मला दाखवला हा. ही तुमची बहीण ना, म्हणाले. काय सांगू मी?"

"बहीण आहे म्हणून सांग," बाबा म्हणाले.

"तुम्हीच लाडावलीय हिला! दहादा बजावलं होतं, माणसात राहायचं तर माणसासारखं राहा. हा असला अवतार करून हिंडल्यावर मार नाही खाणार तर काय..."

बाबांनी त्याच्या थोबाडीत मारली. कमरेत वाकलेले, चष्म्याशिवाय सुईत दोरा न ओवता येणारे बाबा. मारून ते स्वतःच इतके लटपटले, की दादालाच त्यांना धरून खुर्चीत बसवावं लागलं. त्यांनी मुलांवर कधी हात उचलला नव्हता. दादाच्या गालावर बोटं उमटली होती आणि तो रडत होता. लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता.

नक्षी उठून आत गेली. तिला वाटत होतं, तो क्रेनवाला आत्ता समोर यावा. प्लास्टरचा हात त्याच्या तोंडावर घालावा, दात पडेपर्यंत घालावा. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

*

प्रशासकांनी समेटासाठी बोलावलं, त्याच्या आदल्या दिवशी मेट्रनबाईंनी तिला बाजूला घेतलं.

"हे बघ, मी काय सांगते ते ऐक. एखादी बहीण वारली म्हण. तिच्या आठवणीसाठी काढलंय म्हण. माणसं विरघळतात गं."

"मला बहीणच नाही, बाई."

"मग तर सोपंच आहे!"

ती हसली. हसताना कान ताणला.

प्रशासकांच्या खोलीत मधोमध मोठं टेबल होतं. एका बाजूला प्रशासक, मेट्रनबाई आणि डॉक्टर, दुसऱ्या बाजूला क्रेनवाला आणि त्याचे काका. क्रेनवाल्याचे डोळे सुजले होते, दाढी वाढली होती, बोटांच्या पेरांवर खपल्या होत्या. तिनं बंद गळ्याचा गणवेश घातला होता.

"दोन्हीकडच्या तक्रारी मागे घेऊ," प्रशासक म्हणाले. "मुलगा दुःखात होता, हात उचलला गेला. त्याची चूक आहेच. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, की तुमच्या अवतारामुळे गैरसमज झाला. आणि यापुढे हे सगळं कानाबिनातलं काढायचं. संपला विषय."

"साहेब, ते तिच्या बहिणीच्या..." मेट्रनबाईंनी सुरुवात केली.

"मला बहीण नाही," ती म्हणाली. "आवडलं म्हणून काढलं. दुसरं काही कारण नाही. आणि ज्याचा कान फाटला त्यानं माफी मागायची, हे मला जमणार नाही."

"बघा, बघा हिचा माज!" क्रेनवाला उठला. खुर्ची मागं आपटली. "आवडलं म्हणे! माझा बाप जाताना शेवटचं काय बघून गेला? हे थोबाड! ही पाल!" काकांनी त्याचा दंड धरला, तो त्यानं हिसडून सोडवला आणि टेबलावरून वाकून तिच्या गणवेशाचा गळा पकडला. "आता झाकतीस होय? दाखव की!" बटणं तुटली. तिचं प्लास्टर टेबलाच्या कडेवर आपटलं आणि डोळ्यांपुढं काळोखी आली.

"नाडी लागली होती," ती म्हणाली.

त्याची मूठ तिच्या गळ्याशी तशीच राहिली.

"तुझ्या बापाची नाडी लागली होती. माझ्या बोटांना लागत होती. तेव्हाच तू मला ओढलंस."

प्रशासकांनी डॉक्टरकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

डॉक्टरची मान खाली गेली. "मी... मी तिथं नव्हतो, सर."

"खोटं बोलतीय," काका म्हणाले. "नोकरी वाचवायला बोलतीय. ऐकू नकोस रे."

पण क्रेनवाल्यानं तिचा गळा सोडला होता. तो सावकाश खाली बसला. "पाय हलला होता," तो काकांना म्हणाला. "अण्णांचा पाय हलला होता, काका. मी बघितलं. मला वाटलं, ही दाबतीय म्हणून दुखतंय त्यांना. तडफडतायत म्हणून मी ओढली हिला. मला वाटलं..."

त्यानं कपाळ टेबलावर आपटलं. टेबल हादरलं, पाण्याचा पेला आडवा झाला. त्यानं पुन्हा आपटलं. काका त्याला मागं ओढायला लागले, पण तेवढ्या आडदांड माणसापुढं त्यांचं काय चालणार! तिसऱ्यांदा कपाळ खाली आलं तेव्हा कातडी फुटली. मेट्रनबाई किंचाळल्या. पुढच्या वेळी त्याचं कपाळ लाकडावर आदळलं नाही. नक्षीनं आपला धड हात मध्ये घातला होता. डोकं त्या तळव्यावर आदळलं, आणि तिच्या हातातून कळ गेली, पण तिनं हात काढला नाही. तो आणखी आपटत राहिला, दरवेळी जोर कमी होत गेला. शेवटी कपाळ तिच्या तळव्यावर ठेवून तो तसाच पडून राहिला. रक्त मनगटावरून बाहीखालच्या वेलाकडे ओघळत होतं.

तिला वाटलं, आपण याला मारलं. लाथांपेक्षा, स्टुलापेक्षा जोरात मारलं. बोललेलं परत घ्यावं असं मात्र तिला वाटलं नाही.

"नक्की वाचले असते का?" त्यानं टेबलातच तोंड खुपसून विचारलं.

तिनं विचार केला. "नाही माहीत," ती म्हणाली. "खरंच नाही माहीत."

*

त्यांची तक्रार त्यांनी मागं घेतली. तिनं आपली घेतली नाही. ती तक्रार पोलिसांत पडून राहिली. प्रशासकांनी आपली अट मात्र सोडली नाही. पेशंटच्या नजरेला पडेल अशा जागी तिला ठेवता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि तिची बदली तळमजल्यावर, अवजारं उकळायच्या खोलीत झाली. मेट्रनबाई म्हणाल्या, "मी भांडले गं," आणि त्या भांडल्याही असतील. मावशी दुपारचा डबा घेऊन खाली तिच्याजवळ येऊन बसू लागल्या.

खोलीत दिवसभर वाफ असायची. चिमटे, कात्र्या, सुया वाफेतून काढायच्या, संच लावायचे, कापडात बांधायचे. प्लास्टर निघालं तरी दोन बोटं पूर्ण मिटेनात. गाठी तिला दातांनी ओढाव्या लागत, पण दात लावलेलं कापड चालत नाही, म्हणून तिनं अंगठ्यानं गाठ मारायची नवी रीत शोधली. अपघात विभागातून घंटा वाजली, की वरच्या मजल्यावर धावणारी पावलं तिला ऐकू यायची.

एके दुपारी भिंतीतल्या खिडकीची झडप उघडली. पलीकडे तोच डॉक्टर होता. घामेजलेला, बाह्यांवर रक्त.

"छाती उघडायचा संच आहे? लवकर." मग तिला पाहून तो अडखळला. "सिस्टर, वर माणूस कमी आहे. तुम्ही असता तर..."

तिनं वाफेतून नुकताच काढलेला संच उचलला, जाड फडक्यात गुंडाळला आणि खिडकीतून पुढं केला.

"गरम आहे," ती म्हणाली. "खालून धरा. आणि पळा."