माझ्यावरची रिकामी जागा

मी बाक बोलतोय, पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेतला, तिसरीच्या वर्गातला अगदी पुढचा. सागाच्या फळ्यांचा आहे मी. सुतारानं रंधा मारून मला गुळगुळीत केलं, उरलेलं काम पोरांच्या कोपरांनी केलं.

माझ्यावर जया आणि पुनम बसायच्या. दोघींचं एका खोडरबरात भागायचं. पुनमला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. साधा ताप आला तरी तिचे हातपाय ठणकायचे, म्हणून रंजीता मॅडमनी तिला आपल्या नजरेसमोर बसवलं होतं.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. जयाची आई कुंताबाई तिला वर्गापर्यंत सोडायला आली. पोरगी मलूल दिसत होती.

"हिला बरं नाही का?" मॅडमनी विचारलं.

"रात्री अंग गरम होतं. गोळी देल्ली, आता उतरला ताप. घरी पाहाले कोणी नाई, मॅडम. बाया बांधीवर थांबून राह्यल्या."

मॅडमनी जयाच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. त्यांनी जयाला आत घेतलं.

खिचडीच्या सुट्टीआधीच गोळीचा असर संपला. जयानं माझ्यावर डोकं टेकलं तशी तिच्या गालाची आच माझ्या फळीत शिरली. ती खोकत होती. पुनमनं तिला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं, मग त्याच बाटलीला स्वतः तोंड लावलं. मी बघत होतो. मला ओरडता येत नाही.

जया बरी होऊन परतली, तेव्हा पुनमची जागा रिकामी होती. ताप चढला, अंगभर कळा सुरू झाल्या, धाप लागली, तसं तिला रुग्णवाहिकेतून चंद्रपूरला नेलं. ऑक्सिजन लावलाय, एवढंच गावात कळलं. जया सारखी दाराकडं बघायची.

एका संध्याकाळी शाळा सुटताना पुनमची आई धुरपताबाई वर्गात आली. घरून कपडे घेऊन ती परत दवाखान्यात निघाली होती. कुंताबाई जयाला न्यायला आलेली. दोघी एकाच टोळीत रोवणी करायच्या.

"त्या दिवशी जयाले ताप होता ना?" धुरपताबाईनं विचारलं.

कुंताबाईनं माझी कड घट्ट धरली. "होता. गोळी देऊन धाडली मी."

"मले सांगतलं असतं तर मी पुनमले घरी ठेवली असती."

एवढंच बोलून ती बस गाठायला गेली. कुंताबाई माझ्यावर बसली, ती उठेचना.

"मीही चुकले," मॅडम म्हणाल्या. "गोळीनं ताप दबतो, आजार जात नाही. गोळी न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, की मगच पाठवायचं."

पुनम वाचली. परत आली तेव्हा इतकी हलकी झाली होती, की ती बसल्याचं मला जाणवलंही नाही. पुढं धुरपताबाईनंच टोळीत ठरवून घेतलं: ज्या बाईचं लेकरू तापेल तिनं घरी थांबायचं, तिच्या वाट्याचं बाकीच्या रोवतील.

आज कुंताबाई एकटीच दारात आली. "जया तापली, मॅडम. पुनमकडं ध्यान ठेवजा, काल दोघी संगंच होत्या."

पुनम आता एकटी बसली आहे. मॅडम मधूनमधून तिच्या कपाळाला हात लावतात, आणि प्रत्येक वेळी माझा जीव टांगणीला लागतो.

आईबापांनो, तापलेलं लेकरू घरी राहू द्या. त्याची जागा मी दुसऱ्या कुणाला देत नाही.